धक्का स्टार्ट

माझा बेचाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. त्यात मी चालतेय.

वरून आलेल्या पट्ट्याने मला उचलून धरलंय, कमरेला आणि मांड्यांना हार्नेस आवळलाय, दोन्ही पायांना बाहेरून यंत्राचे पाय बांधलेत आणि खाली ट्रेडमिल सरकतेय. उजवा पाय उचलला जातो, गुडघ्यात वाकतो, पुढे पडतो. मग डावा. चाल इतकी देखणी आहे की अपघाताआधीही मी तशी कधी चालले नसेन. आई तर मला कायम ‘बदक’ म्हणायची. व्हिडिओच्या शेवटी तिचाच हुंदका ऐकू येतो आणि चित्र हलतं, कारण मोबाइल आप्पांच्या हातात होता.

आप्पांनी तो व्हिडिओ आमच्या वाडीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत शंभरेक जोडलेले हात जमा झाले. ‘देवी पावली’, ‘पोर उभी राहिली’, वगैरे. एका काकांनी लिहिलं, ‘आता स्थळं बघायला हरकत नाही.’

त्या दिवशी मला बेंबीच्या खाली स्वतःहून काहीही हलवता येत नव्हतं. आज तीन वर्षांनीही येत नाही.

व्हिडिओ खोटा नाही. त्यात दिसतं ते सगळं घडलं होतं. फक्त मी चालत नव्हते, मला चालवलं जात होतं, आणि हा फरक बेचाळीस सेकंदांत कळत नाही. मला स्वतःला कळायला तीन महिने लागले आणि आप्पांचा टेम्पो गेला.

मे महिन्याचा शेवट होता. पाऊस दोन दिवसांवर आलेला, कलमांवर शेवटचे आंबे होते आणि गडी मिळत नव्हता. मी तेवीस वर्षांची, तालुक्याच्या एका पतसंस्थेत क्लार्क, रविवारची घरी. झाडावर मी लहानपणापासून चढते. झेला घेऊन वर गेले, हाताला न येणाऱ्या एका फांदीकडे वाकले आणि पुढचं आठवत नाही. (‘मुलीच्या जातीने झाडावर चढावंच कशाला’ हे नंतर मला निदान वीस जणांनी ऐकवलं. झाडावरून पडून कणा मोडलेले जे पुढे भेटले, ते सगळे पुरुष होते. त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं.)

आठवतं ते पडल्यानंतरचं. मी पाठीवर होते आणि पाय सरळ पसरलेले दिसत होते, पण मला ते पोटाशी दुमडल्यासारखे वाटत होते. मी आईला सांगत होते, माझे पाय खाली ठेव. ती म्हणत होती, अगो खालीच आहेत.

चौघांनी मला उचललं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले आणि घडी करून ओम्नीच्या मागच्या सीटवर बसवलं. कण्याला मार लागलेल्या माणसाला न वाकवता, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून, फळीवर आडवं न्यायचं असतं हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. त्या घडीने किती नुकसान झालं हे आता सांगता येणार नाही. हा लेख अर्धा सोडलात तरी एवढं मात्र लक्षात ठेवा.

ऑपरेशन कोल्हापूरला झालं. मणका डी-१०. सळ्या, स्क्रू, एकवीस दिवस. तिथून पुण्याच्या एका रिहॅब सेंटरला. तिथे पहिल्या आठवड्यात एका डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून टाचणी आणि कापूस घेऊन माझ्या अंगाचा नकाशा काढला. बेंबीपर्यंत सगळं कळत होतं. त्याखाली कधी पुसट, कधी काहीच नाही. मग त्यांनी एका अशा जागी टाचणी टेकवली जिचा उल्लेख आमच्या घरात फक्त शिव्यांमध्ये होतो, आणि मी म्हणाले, हो, टोचलं. डॉक्टरांचा चेहरा खुलला. इतक्या लाजिरवाण्या जागेसाठी कुणी माझं अभिनंदन करेल असं वाटलं नव्हतं.

त्या एका ‘हो’मुळे माझ्या फाइलवर ‘ए’ऐवजी ‘बी’ लागलं. मज्जारज्जूच्या दुखापतीची ही जगभर वापरली जाणारी श्रेणी आहे. ए म्हणजे अगदी खालच्या टोकापर्यंत ना संवेदना ना हालचाल, ई म्हणजे सगळं पूर्ववत. बी म्हणजे संवेदनेची तार थोडी शाबूत आहे, हालचालीची नाही. डॉक्टर आप्पांना म्हणाले, ‘दोर पूर्ण तुटलेला नाही.’ त्यांच्या बाजूने ते अचूक वाक्य होतं. आप्पांनी त्यातून जे ऐकलं त्यावर आमचे पुढचे सहा महिने गेले.

आप्पांकडे ४०७ टेम्पो होता. हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन वाशी मार्केट, एरवी चिरे, सिमेंट, गणपतीत चाकरमान्यांचं सामान. गाडी जुनी, सेल्फ कधी लागायचा, कधी रुसायचा. मग आम्ही वाडीतली पोरं मागे लागायचो. आप्पा आत चावी फिरवून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून बसायचे. गाडीने जरा वेग घेतला की क्लच सोडायचे. एक आचका, काळा धूर, आणि इंजिन चालू. एरवी इंजिन चाकांना फिरवतं. धक्का स्टार्टमध्ये चाकं इंजिनाला फिरवतात.

रिहॅबमधलं ते यंत्र पाहिल्यावर आप्पा पहिलं वाक्य हेच बोलले, ‘म्हणजे धक्का स्टार्ट.’

आमची फिजिओ माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेल. ती हसली आणि म्हणाली, ‘काका, कॉलेजात आम्हाला हेच शिकवायला दोन लेक्चरं घेतली.’

कल्पना खरंच तीच आहे. १९११ मध्ये थॉमस ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं की मेंदूपासून तोडलेला मांजराचा मज्जारज्जूसुद्धा पायांच्या स्नायूंना आळीपाळीने हलवणारा ताल स्वतःच्या स्वतः धरू शकतो. (हे गृहस्थ आल्प्समधले नामांकित गिर्यारोहकही होते. पायांचं वेड असावं.) पुढे काही दशकांनी शास्त्रज्ञांनी कणा पूर्ण छेदलेल्या मांजरांना रोज ट्रेडमिलवर धरून सराव दिला आणि त्यांचे मागचे पाय त्या पट्ट्यावर पावलं टाकू लागले. म्हणजे चालण्याचं सगळंच ज्ञान मेंदूत नसतं, थोडं खाली पाठीतही असतं, आणि पायांकडून पुरेसे धक्के वर गेले तर ते जागं होतं. यातला मला आवडलेला तपशील असा की चालायचा सराव दिलेली मांजरं चालायला शिकत आणि नुसतं उभं राहायचा सराव दिलेली उभं राहायला. पहिलं दुसऱ्याच्या कामी फारसं येत नसे. आमच्या दहावीच्या गाइडसारखंच.

माणसाचा मज्जारज्जू मांजराइतका स्वतंत्र बाण्याचा नाही. तरीही डॉक्टरांनी पेशंटला हार्नेसने टांगून, ट्रेडमिलवर उभं करून हा सराव द्यायला सुरुवात केली. त्यासाठी एकेका पायापाशी एकेक फिजिओ ओणवी बसून पाऊल उचलून पुढे ठेवायची, तिसरी मागून कंबर धरायची. थोड्या वेळात पेशंटपेक्षा त्यांचीच कंबर जायची. झुरिकच्या बाल्ग्रिस्ट रुग्णालयात १९९०च्या दशकात यावर तोडगा म्हणून यंत्र बनवायला घेतलं गेलं. त्याचं नाव लोकोमॅट, आणि आज या जातीच्या यंत्रांत सगळ्यात प्रसिद्ध तेच. नितंब आणि गुडघ्यांपाशी मोटारी, घोट्याखाली पाऊल वर धरणारे पट्टे, अंगाचं वजन पेलणारी वरची दोरी, समोर स्क्रीन. यंत्र दमत नाही, त्याची पाठ धरत नाही, आणि ते प्रत्येक पाऊल हुबेहूब आधीच्यासारखं टाकतं. हा शेवटचा गुणच पुढे दोष ठरला, पण ते नंतर.

आमच्या सेंटरला या जातीचं एक यंत्र होतं. एका बैठकीचे अडीच हजार. आठवड्याला पाच.

अर्ध्या तासाच्या चालीसाठी दीड तास जायचा. आधी कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करायचं, नाहीतर भर ट्रेडमिलवर फजिती. मग पोटाला पट्टा, कारण उभं केलं की रक्तदाब कोसळायचा. पहिले आठ दिवस तर नुसत्या तिरक्या टेबलावर मला चक्कर येत होती. मग मांडीची लांबी, नडगीची लांबी, पट्टे, त्याखाली फोम. उतरल्यावर आई आणि फिजिओ मिळून माझे पाय इंच इंच तपासायच्या. कुठे लाल डाग राहिलाय का? मला कळत नसल्यामुळे पट्टा काचला तरी मी हसतच राहणार, आणि त्या डागाची जखम व्हायला वेळ लागत नाही.

पण ते उभं राहणं! महिनोन् महिने मी जगाकडे माणसांच्या पोटाच्या उंचीवरून बघत होते. पहिल्या दिवशी यंत्राने मला वर उचललं आणि मला आईच्या केसांतला भांग दिसला. तो इतका पांढरा झालेला मला माहीतच नव्हतं.

फायदे झाले, ते नाकारत नाही. पायांत अचानक येणारे पेटके कमी झाले, रात्री झोप लागू लागली, पोट साफ होऊ लागलं. कोठा साफ होण्यातलं सुख काय असतं हे चालत्या-फिरत्या माणसाला सांगून कळणार नाही.

स्क्रीनवर एक बाई बागेतून चालायची. ती मी. मी जोर लावला की तिच्या शेजारची पट्टी वर चढायची. पहिल्या पंधरवड्यात पट्टी चढली की आप्पा काचेबाहेरून अंगठा दाखवायचे. मीही डोळे मिटून, दात-ओठ खाऊन ‘उजवा, उजवा’ म्हणायचे आणि पट्टी चढायची. एकदा मी कंटाळून दुपारच्या जेवणाचा विचार करत होते, पायात पेटका आला, आणि पट्टी सगळ्यात वर जाऊन स्क्रीनने शाबासकी दिली.

मी कुणाला बोलले नाही. पण मनात नोंद झाली.

साधारण चाळिसाव्या बैठकीच्या सुमाराला गावातल्या एका मुलाचा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस पाहिला. नवी गाडी घेतल्याचा. हार घातलेला टेम्पो, पुढे नारळ. गाडी नवी नव्हती. मागच्या फळीवर मी नववीत असताना निळ्या ऑइलपेंटने काढलेला वाकडा मोर तसाच होता.

आप्पा सांगत होते गाडी गॅरेजला आहे.

त्या रात्री मी त्यांना काहीच विचारलं नाही. ते आमच्या भाड्याच्या खोलीत खाली चटईवर झोपायचे. वाशीला रात्री गाडीतच झोपायची सवय असल्याने पाठ टेकली की घोरायचे. त्या रात्री घोरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी फिजिओला म्हणाले, ‘हे यंत्र मला किती मदत करतं?’

‘शंभर टक्के.’

‘ती कमी करता येते?’

येते. या यंत्रांत तशी सोय असते. पेशंट स्वतः जितकं करू लागेल तितकी मदत उतरवत न्यायची. ती जरा घुटमळली. तिला उत्तर माहीत होतं, माझ्या स्नायूंची तपासणी तीच करायची. पण तिने केलं. ऐंशी. पावलं किंचित रेंगाळली. साठ. डावा पाय पट्ट्यावर घासला. चाळीसवर गुडघा यंत्राच्या चालीपासून सुटला, पेटका आला, बीप वाजला आणि सगळं थांबलं. स्क्रीनवरची बाईसुद्धा एक पाय हवेत ठेवून थांबली.

‘परत शंभर करू?’ तिने विचारलं. तिचे डोळे भरले होते. मला तिचीच जास्त दया आली.

मग रात्री मोबाइलवर वाचायला लागले. आधी मी फक्त चमत्कार वाचत होते, आता आकडे. २००६ साली अमेरिका-कॅनडातल्या १४६ नव्या पेशंट्सचा अभ्यास छापून आला. निम्म्यांना हार्नेस-ट्रेडमिलचा सराव, निम्म्यांना तितकाच वेळ जमिनीवर चालण्याचा. (तिथे रोबोट नव्हता, माणसांचेच हात होते.) निकालात फरक नाही. ज्यांच्या पायांत सुरुवातीला थोडी तरी हालचाल होती ते दोन्ही गटांत बहुतेक चालू लागले. माझ्यासारखे बी दोन्ही गटांत मागे राहिले. २०११ मध्ये मायामीच्या एका अभ्यासाने जुन्या पेशंट्सवर चार पद्धती ताडून पाहिल्या, त्यात रोबोटही होता. चालण्याचं अंतर सगळ्यात वाढलं ते जमिनीवर सराव केलेल्यांचं. रोबोटवाल्यांचा वेग जवळपास होता तिथेच राहिला. आणखी एका अभ्यासात यंत्रात चालणाऱ्यांना प्राणवायू कमी लागत होता, म्हणजे अंग आपोआप चुकारपणा करत होतं. ‘तुम्हीही जोर लावा’ असं बजावल्यावर तो फरक बराच मिटला. हुबेहूब एकसारखं पाऊल शिकवत नाही. थोडं अडखळावं लागतं, चुकावं लागतं.

म्हणजे यंत्र निरुपयोगी नाही. धक्का मारायला माणसं नसतील तिथे ते दहा माणसांचं काम करतं. आमच्याच सेंटरमध्ये ‘सी’ श्रेणीचा एक बांधकाम मजूर होता, नाशिककडचा, स्लॅबवरून पडलेला. तो त्याच यंत्रावरून वॉकरवर आणि वॉकरवरून काठीवर गेला. तो गेला यंत्रामुळे की वेळेमुळे की त्याच्या नशिबाला शाबूत राहिलेल्या धाग्यांमुळे, हे त्याच्या एकट्याकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही. पण त्याच्या गाडीचा गिअर लागत होता, हे नक्की.

त्याच रात्रींत मला एक सर्वे सापडला. २००४ सालचा, किम अँडरसन या संशोधिकेचा. त्या स्वतः मज्जारज्जूच्या दुखापतीसह जगतात. त्यांनी ६८१ जणांना विचारलं, तुमचं एकच काहीतरी परत येणार असेल तर काय हवं? मान मोडलेल्यांनी सगळ्यात वर ठेवले हात. कमरेखालून गेलेल्यांनी सगळ्यात वर ठेवलं लैंगिक सुख. दोन्हीकडे लघवी-शौचावरचा ताबा फार वर होता. चालणं पहिल्या नंबरवर नव्हतं.

मी ते तीनदा वाचलं. मग अंधारात स्वतःला तोच प्रश्न विचारला. तोपर्यंत मला तो कुणी विचारलाच नव्हता. उत्तर यायला वेळ लागला नाही. मला दर पाच तासांनी घड्याळ न बघता पतसंस्थेत बसायचं होतं. एकटीने न्हाणीत जायचं होतं. आणि त्या काकांच्या स्थळांबद्दल नाही, पण कुणीतरी कधीतरी हात लावेल तेव्हा काय कळेल, याबद्दल कुणाशी तरी बोलायचं होतं. यातल्या एकाही गोष्टीचा व्हिडिओ होत नाही.

आप्पांचे मात्र व्हिडिओ सुरू होते. आता ते अंगावर घालायच्या रोबोटपर्यंत, म्हणजे एक्सोस्केलेटनपर्यंत पोचले होते. २०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या उद्घाटनाला साओ पावलोत कमरेखालून हालचाल गेलेल्या एका तरुणाने मेंदूच्या लहरींवर चालणारा असा सांगाडा घालून चेंडूला पाय लावला होता. तो व्हिडिओ त्यांनी मला चार वेळा पाठवला. मीही वाचत गेले. ‘रिवॉक’ हा अशातला गाजलेला सांगाडा काढला अमित गोफर या इस्रायली इंजिनिअरने. १९९७ च्या अपघातात ते स्वतः मानेखालून गेले होते. त्यांच्या यंत्राला २०१४ मध्ये अमेरिकेत घरच्या वापरासाठी परवानगी मिळाली, पण ते तोलायला कुबड्या धराव्या लागतात, आणि गोफर यांच्या हातांत तेवढा जोर नव्हता. स्वतःचं यंत्र त्यांना स्वतःला घालता येईना. आपल्याकडे केरळच्या जेनरोबोटिक्सने जी-गेटर नावाचं चालायच्या सरावाचं यंत्र बनवलंय. मॅनहोलमध्ये माणूस उतरू नये म्हणून रोबोट बनवणारी तीच कंपनी. हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

आणि अमेरिकेतल्या एका माजी जॉकीची गोष्ट. त्याने असा सांगाडा घालून साडेतीन लाखांहून जास्त पावलं टाकली होती. २०२४ मध्ये ते लाखभर डॉलरचं यंत्र बंद पडलं ते मनगटावरच्या कंट्रोलच्या बॅटरीच्या किरकोळ बिघाडाने. कंपनी आधी म्हणाली, यंत्र पाच वर्षांहून जुनं आहे, दुरुस्त करत नाही. बोभाटा झाल्यावर केलं. आप्पांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदा त्या यंत्रांवर चिडले. ‘एवढ्याशा कामाला? आमचा मेस्त्री तारेने बांधून देतो.’

त्या चिडण्याचा मी फायदा घेतला.

‘आप्पा, दोन्ही हात कुबड्यांत गुंतले, तर चहाचा कप कसा न्यायचा ओट्यावरून ओटीवर?’

‘आई देईल.’

‘व्हीलचेअरवर मांडीवर ताट ठेवून मी स्वतः आणते.’

ते गप्प.

‘इंजिन ठीक आहे, चाकंही ठीक आहेत. मधला शाफ्ट तुटलाय. धक्का मारून गाडी चालू होईल?’

त्यांनी खूप वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, ‘शाफ्ट तुटला तर चाकं कितीही फिरव, इंजिनाला कळतच नाही.’ आणि लगेच, ‘पण तुझा पूर्ण तुटलेला नाही म्हणाले ना डॉक्टर.’

‘नाही तुटलेला. म्हणून तर साठ दिवस ढकललं.’

‘अजून वीस करू.’

‘मोर मी पाहिला, आप्पा. स्टेटसवर.’

ते उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा हातात दोन कटिंगचे प्लास्टिकचे कप होते. म्हणाले, ‘दहा.’

आम्ही दहा केल्या. काही बदललं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी व्हिडिओ काढला नाही.

उरलेल्या पैशांतून घर बदललं. उंबरे काढले, न्हाणीचं दार रुंद केलं, कमोड बसवला. ओटीला चिऱ्यांचा रॅम्प बांधताना फिजिओने फोनवर सांगितलं होतं, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. ओटी दोन फूट. आप्पांनी चोवीस फूट मोजलं, अंगणाच्या पार बाहेर गेलं, तुळस हलवावी लागली. म्हणाले, ‘आंबा घाटापेक्षा कमी चढ ठेवलाय.’ मग मागे दोन जादा चाकं लावलेली सेकंडहँड स्कूटर. पहिल्या फेरीला आप्पा मागे बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना गाडी शिकवलेला माणूस, वळण आलं की माझ्या खांद्याला पकडून ‘ब्रेक, बाय, ब्रेक’ ओरडत होता. पतसंस्थेचं ऑफिस अजून पहिल्या मजल्यावरच आहे, वीस पायऱ्या. मी तळमजल्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून त्यांचंच काम करते. त्यावर पुन्हा कधीतरी.

गावी आलो त्या आठवड्यात माणसं भेटायला यायची, माझ्याकडे बघायची, मग चाकांकडे. एका आजींनी प्रेमाने सांगितलं, ‘जरा चालून दाखव गो.’ आप्पा पडवीतून निघून गेले. ग्रुपवरचा व्हिडिओ तोवर काढून टाकायच्या पलीकडे गेला होता. काही महिन्यांनी तो मलाच परत आला, कुठल्याशा कौटुंबिक ग्रुपवरून. वरचा पट्टा आणि यंत्राचे पाय कापून टाकले होते, खाली गाणं, आणि मजकूर: अर्धांगावर रामबाण तेल, एकवीस दिवसांत फरक.

गेल्या महिन्यात आईच्या माहेरच्या ओळखीतून एका बाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा विहिरीच्या कामावर पडला होता, एकोणीस वर्षांचा. ते तेल कुठे मिळतं एवढंच त्यांना हवं होतं.

मी त्यांना तेल नाही म्हणून सांगितलं. यंत्र आहे म्हणून सांगितलं, कोणाला त्याचा उपयोग होतो, कोणाला नाही, आणि आधी मुलाची श्रेणी डॉक्टरांकडून लिहून घ्या म्हणून सांगितलं. रात्री दर दोन तासांनी कूस बदला, साध्या गादीवर ठेवू नका, कॅथेटर स्वतःचा स्वतः घालायला त्याला लवकर शिकवा, बसता येऊ लागला की खुर्चीत दर थोड्या वेळाने हातांवर अंग उचलायची सवय लावा. मी पाऊण तास बोलत होते. त्या नुसत्या ‘हं’ म्हणत होत्या.

‘पण व्हिडिओत तू चालत होतीस ना?’

‘नाही, मावशी. यंत्र चालत होतं. मी आत होते.’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग भांड्याचा आवाज आला, कुणाला तरी ‘वही आण रे’ म्हटल्याचा.

‘हां, सांग,’ त्या म्हणाल्या. ‘ती गादी कसली घ्यायची?’